काळजीपूर्वक हाताळावे

"आधी जरा तपासून घेऊ," असं लेबलराव म्हणाले की तो रविवार गेला असं धरून घरातली माणसं कामाला लागतात.

लेबलराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत ते रेकॉर्डकीपर. म्हणजे जुन्या फायली जिथे जातात आणि सहसा परत येत नाहीत, त्या खोलीचे राजे. गेली सव्वीस वर्षं दिसेल त्या वस्तूला लेबल डकवायची त्यांची सवय पाहून कुणीतरी हे नाव ठेवलं. (कुणी ठेवलं तेही त्यांनी नोंदवून ठेवलंय.) घरात साखरेच्या डब्यावर 'साखर' लिहिलेलं असणं एक वेळ समजू शकतं. पण यांच्या घरी भिंतीवरच्या बटणाखाली 'पंखा (मंद फिरतो)' असतं, दाराला आतून 'दार' असतं, आणि सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीवर 'चष्मा – सासूबाई' असतं. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की ते वाचायला आधी चष्मा लागतो.

लेबलंही कशी, तर शुद्ध कचेरीच्या पद्धतीची. वर विषय, मग संदर्भ, मग दिनांक, आणि सगळ्यात खाली लाल शाईनं 'काळजीपूर्वक हाताळावे'. कागद पाठकोरा, आणि चिकटवायला बाटलीतला डिंक. बाजारात मिळणाऱ्या तयार चिकटपट्ट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्या वेळेला दगा देतात, असं ते म्हणत.

तर या लेबलरावांची बायको वीस वर्षं नाटकात होती. नाटकात म्हणजे, विंगेत. वस्तीतल्या हौशी नाट्यमंडळाची ती प्रॉम्प्टर. हातात वही, कमरेला विजेरी, आणि नट अडखळला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा. वीस वर्षांत किती राजे, किती खुनी आणि किती विधवा तिनं तारून नेल्या त्याला गणती नाही. प्रेक्षकांनी मात्र तिला कधी पाहिलं नव्हतं. टाळ्या पडद्यापुढे पडायच्या आणि बाई पडद्यामागे खुर्च्या मोजत असायची.

आणि यंदा झालं काय, की नाटकाची नायिका तालमीला येताना जिन्यावरून घसरली आणि पाय प्लास्टरात गेला. प्रयोग तीन आठवड्यांवर. सगळं नाटक तोंडपाठ असलेलं माणूस जगात एकच. दिग्दर्शक विंगेत आला, वही तिच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "उद्यापासून तुम्ही उजेडात उभ्या राहा."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा सासूबाई नुसत्या आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या. या सासूबाई म्हणजे बायकोची आई. राहायला यांच्याकडेच, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप केला तेव्हापासून जिना उतरलेल्या नाहीत.

"मी काही येऊ शकायची नाही गं," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि प्रयोग तर एकच."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत तिनं त्याच्याकडे फार काही मागितलं नव्हतं, आणि जे मागितलं होतं ते त्यानं लेबल लावून आणलं होतं.

"अहो, आपला तो कॅमेरा आहे ना," ती म्हणाली. "सगळं नाटक नीट घ्याल? आईला बघायला. आणि खरं सांगू, मलाही बघायचंय. मी कशी दिसते ते मला माहीतच नाही."

"त्यात काय," लेबलराव म्हणाले. "आधी जरा तपासून घेऊ."

कॅमेरा जुना, कॅसेटवाला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी चिमुकली कॅसेट त्याच्या पोटात जायची, बाजूचं झाकण आपोआप बंद व्हायचं आणि आत काहीतरी गुरगुरायचं. त्या रविवारी बैठकीच्या खोलीत चाचणी झाली. बायको पोस्टमास्तरणीचं काम करत होती. ही पोस्टमास्तरीण लोकांची वाईट बातमीची पत्रं त्यांना पोचवतच नाही, एका पिशवीत साठवून ठेवते, अशी ती गोष्ट. पहिल्या अंकाच्या शेवटी ती त्या पिशवीशी बोलते, सात मिनिटं, एकटीच. नाटकाचा सगळा जीव त्या सात मिनिटांत.

बायकोनं खुर्चीवर उशीची खोळ ठेवली, डोळे मिटले, उघडले, आणि सुरुवात केली. लेबलरावांनी एका कॅसेटवर ते टिपलं. मग तार जोडून टीव्ही लावला.

पडद्यावर बायको आली. "बारा वर्षं मी तुमच्या दारापर्यंत," म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. डावा गाल कपाळावर गेला, हनुवटी दिसेनाशी झाली, आवाज तुटला. चेहरा परत जुळला तेव्हा वाक्य संपलेलं होतं. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच.

"माझं नाक कुठे गेलं?" बायकोनं विचारलं.

"कानापाशी आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला होता.

लेबलरावांनी शांतपणे एक कोरी वही काढली. वहीला लेबल लावलं, 'विषय : गळती'. आत रकाने आखले: वेळ, गळालेला शब्द, संशयित. दुसऱ्या कुणी असतं तर कॅमेरा उचलून दुरुस्तीला दिला असता. पण रेकॉर्डकीपरचा धर्म असा, की आधी प्रकरण तयार करायचं.

पहिला संशयित ठरला मिक्सर. पुढच्या तालमीच्या वेळी मिक्सर बंद. गळती चालूच. मग पंखा बंद, टीव्हीचा प्लग काढला, फोनचा रिसीव्हर बाजूला ठेवला, वरच्या मजल्यावर जाऊन शेजाऱ्यांना विचारून आले की तुमच्याकडे या वेळी काय चालू असतं. शेजारी म्हणाले, आम्ही झोपलेलो असतो. वहीत 'शेजारी (झोपलेले)' अशी नोंद झाली.

"श्वास घेतला तर चालेल का?" घामानं निथळत बायकोनं विचारलं.

"हळू घे," लेबलराव म्हणाले.

कचेरीतल्या टायपिस्टला जगातल्या प्रत्येक यंत्राची माहिती होती. (स्वतःच्या टंकयंत्राचं एक अक्षर अडत होतं ते सोडून.) त्यानं सांगितलं, "कॅमेऱ्याला दमटपणा बाधतो. उबेत ठेवा." लेबलरावांनी घरी येऊन कॅमेरा सासूबाईंच्या लोकरी मफलरीत गुंडाळला आणि कपाटात निजवला. दोन दिवस सासूबाई कान धरून मफलर शोधत होत्या. तिसऱ्या दिवशी कपाटात सापडली तेव्हा म्हणाल्या, "जावईबापू, मला सर्दी झाली तर मलाही यात गुंडाळणार का, की आधी कॅमेऱ्याची परवानगी लागेल?"

तिसरा उपाय मात्र लागू पडला. बाजारात साफसफाईची खास कॅसेट मिळते. ती दहा सेकंद आत फिरवायची की यंत्राचं डोकं स्वच्छ होतं. लेबलरावांनी घड्याळ लावून बरोबर दहा सेकंद फिरवली. मग त्याच जुन्या कॅसेटवर बायकोला घेतलं, आणि काय आश्चर्य, चित्र स्वच्छ. नाक जागच्या जागी. बायको स्वतःला पडद्यावर बघून लाजली, म्हणाली, "इतका काही वाईट नाहीये गं आवाज माझा." सासूबाई म्हणाल्या, "आवाज माझा आहे, तू फक्त वापरतेस."

लेबलरावांचा ऊर भरून आला. कॅसेट बाहेर काढली आणि आनंदाच्या भरात तिच्यावर नवं लेबल चिकटवलं, 'विषय : निर्दोष नमुना'. जुनं लेबल काढायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. जुनी नोंद नष्ट करणं हा त्यांच्या खात्यात गुन्हा होता. तेव्हा जुन्यावर नवं, असं ते चढवत असत, आणि अंगठ्यानं कडा नीट दाबत असत.

दुसऱ्या दिवशी चौकोन परत आले.

मग असं चक्रच सुरू झालं. साफ करावं, चित्र सुधारावं, लेबल लावावं, चित्र बिघडावं. तुम्ही-आम्ही एव्हाना काय ते ओळखलं असतं. पण आपल्या हातचं लेबल हे लेबलरावांच्या लेखी देवघरातल्या दिव्यासारखं होतं, त्यावर संशय कसा घ्यायचा? वहीत संशयितांची संख्या सतरावर गेली. अकरा तालमी टिपून झाल्या. दर खेपेला वेगळे शब्द गळायचे, आणि लेबलराव टीव्हीपुढे मांडी घालून, पुढे-मागे करून, गळालेला प्रत्येक शब्द बायकोला विचारून वहीत उतरवून घ्यायचे.

प्रयोग आठ दिवसांवर आला तेव्हा त्यांनी अठरावा संशयित शोधला.

"एक विचारू?" जेवताना ते म्हणाले. "रागावू नकोस. ते 'दारापर्यंत' तू जरा जोरात म्हणतेस. मला वाटतं कॅमेऱ्याला ते सोसत नाही. ते वाक्य हळू म्हणता येईल का? किंवा गाळता?"

बायकोनं हातातला चमचा खाली ठेवला.

"वीस वर्षं," ती म्हणाली, "वीस वर्षं मी हळू बोलले. ऐकू जाऊ नये म्हणूनच बोलले. आता एकदा जोरात बोलायची वेळ आली तर तुमच्या कॅमेऱ्याला सोसत नाही?"

"तसं नव्हे, तांत्रिकदृष्ट्या..."

"उद्या कॅमेरा दुरुस्तीला गेला नाही, तर वहीत एकोणिसाव्या नंबरला स्वतःचं नाव घाला."

सासूबाईंनी जावयाकडे पाहून मान हलवली. ती मान सहानुभूतीची होती की कसली हे लेबलरावांना कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुरुस्तीच्या दुकानात हजर झाले. कॅमेरा, अकरा वेळा वापरलेली ती कॅसेट, आणि वही.

दुरुस्तीवाला मितभाषी माणूस होता. कपाळावर भिंग, पुढ्यात पन्नास स्क्रू. लेबलरावांनी प्रकरण वाचायला सुरुवात केली. संशयित क्रमांक चारपर्यंत पोचले तेव्हा त्यानं कॅमेरा उघडला होता, सातपर्यंत पोचले तेव्हा चिमटा आत घातला होता.

"नऊ," लेबलराव वाचत होते, "जिन्यातला दिवा, कारण तो मधूनमधून..."

"हे अक्षर तुमचं का?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं.

चिमट्यात कागदाची एक चिंधी होती. नखाएवढी, तेलानं मळलेली, एका बाजूला डिंकाचा पिवळा थर. दुसऱ्या बाजूला लाल शाईत 'काळजीपूर्वक' एवढं स्पष्ट वाचता येत होतं. 'हाताळावे' दुसऱ्या चिंधीवर निघालं.

मग त्यानं कॅसेट हातात घेतली. तिच्यावरची लेबलं नखानं एकेक करून सोलायला लागला. 'निर्दोष नमुना (सुधारित)'. त्याखाली 'निर्दोष नमुना'. त्याखाली 'चाचणी सहावी'. असे नऊ थर निघाले, आणि मग कुठे कॅसेट दिसली.

"आत एक चकरी असते," तो म्हणाला. "गरगर फिरते. तिला चिकटून टेप जाते. मध्ये केसाएवढीही जागा नसते. कॅमेरा तापला की तुमचा डिंक सुटतो आणि कागद तिथे जाऊन बसतो. आणि एवढी जाड कॅसेट नीट बसतच नाही, तिरकी चालते. मिक्सर बिचारा निर्दोष आहे."

लेबलरावांनी वही मिटली. शेजारी, मफलर, बायकोचा आवाज, सगळे संशयित एकेक करून डोळ्यांपुढून गेले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपली एखादी नोंद खोडावीशी वाटली.

"साफ करून देतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "चकरी वाचलीय. पण एक ऐका. नव्या कॅसेटी घ्या, आणि त्यांना कागद लावायचा नाही. एक चिटोरासुद्धा नाही."

"मग ओळखायची कशी?"

"डोळ्यांनी," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येऊन लेबलरावांनी सगळं खरं खरं सांगितलं. माणूस वेंधळा असेल, लबाड नव्हता. बायको आधी रागावणार होती, पण ती चिंधी पाहून तिला हसू आवरेना. सासूबाईंनी वही मागून घेतली, 'संशयित' रकान्यात स्वतःचं नाव कुठे आहे ते पाहिलं (सहावं, 'सासूबाई – लोकर'), आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, 'निर्दोष सुटका'.

प्रयोगाचा दिवस उजाडला. दुपारचा प्रयोग. लेबलराव तासभर आधी सभागृहात पोचले, तिसऱ्या रांगेच्या मागे तिकाटणं उभारलं, कॅमेरा बसवला. खिशात दोन नव्या कोऱ्या कॅसेटी, एका अंकाला एक. दोघींच्या अंगावर कागदाचा कण नाही. लेबलरावांना त्या नागड्या वाटत होत्या आणि त्यांच्याकडे बघायलाही संकोच होत होता. पण शब्द म्हणजे शब्द. डाव्या खिशात भरलेली ठेवायची, उजव्या खिशात कोरी, असा त्यांनी मनाशी नियम केला आणि सहा वेळा घोकला.

पडदा वर गेला. पोस्टमास्तरीण उजेडात आली. आता हे लेबलराव बावीस वर्षं त्या बाईच्या शेजारी जेवत होते, तिच्याशी मिक्सरवरून भांडत होते. पण ही कोण, असं त्यांना क्षणभर वाटलं. पहिल्या अंकाच्या शेवटी ती पिशवीपुढे बसली आणि "बारा वर्षं मी तुमच्या दारापर्यंत" म्हणाली, चांगलं जोरात म्हणाली, तेव्हा शेवटच्या रांगेतला खोकणारा माणूससुद्धा खोकायचा थांबला. लेबलरावांना समोरचं धूसर दिसायला लागलं. त्यांनी घाबरून भिंग पुसलं. मग कळलं की धूसर भिंग नव्हतं.

अंक पडला. टाळ्या. लेबलरावांनी कॅसेट बाहेर काढण्याआधी शिस्तीत ती मागे फिरवून पहिल्या जागी आणली. कुठलीही वस्तू ठेवताना सुरुवातीला आणून ठेवावी, हा त्यांच्या खात्याचा दंडक. मग काढून डाव्या खिशात ठेवली. (कॅसेटच्या कडेला एक चिमुकली खिटी असते. ती सरकवली की त्या कॅसेटवर दुसरं काही टिपताच येत नाही. हे लेबलरावांना माहीत होतं. पण लेबल असताना खिटी कशाला, म्हणून ती सरकवायची सवय त्यांच्या बोटांना नव्हती.)

इतक्यात नवी प्रॉम्प्टर धावत आली. "वहिनींच्या बाहीची शिवण उसवलीय. टाचणी आहे का हो तुमच्याकडे? लवकर."

रेकॉर्डकीपरच्या खिशात टाचण्या नसतील तर कुणाच्या असणार? पण कुठल्या खिशात? त्यांनी डावा खिसा रिकामा केला, उजवा रिकामा केला. शेजारच्या खुर्चीवर रुमाल, किल्ल्या, पास, चष्म्याचं पुसणं, टाचण्यांची डबी, असा सगळा संसार पसरला. प्रॉम्प्टर डबी घेऊन पळाली. तिसरी घंटा झाली. दिवे मंदावले.

खुर्चीवर दोन कॅसेटी शेजारी शेजारी पडल्या होत्या. सारख्या, स्वच्छ, दोन्ही सुरुवातीला आणलेल्या.

लेबलरावांनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. 'डोळ्यांनी,' दुरुस्तीवाला म्हणाला होता. पडदा हलला. त्यांनी मनातल्या मनात क्षमा मागितली, नक्की कुणाची ते ठाऊक नाही, आणि एक उचलून आत सरकवली.

संध्याकाळी घरी सासूबाई तयार होऊन बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, ठेवणीतले कपडे, मांडीवर मफलर. चार वर्षांत कुठे जायचं नव्हतं म्हणून जे कपाटात राहिलं होतं ते सगळं अंगावर होतं. शेजारची खुर्ची लेकीसाठी. लेकीच्या चेहऱ्यावर अजून रंग होता, तो तिनं मुद्दाम पुसला नव्हता.

लेबलरावांनी पहिली कॅसेट लावली. निळा पडदा. काहीच नाही.

"ही दुसरी असेल," ते म्हणाले. आवाज जरा चिरकला.

दुसरी लावली. चित्र आलं. स्वच्छ, एकही चौकोन नाही, आवाज खणखणीत. पोस्टमास्तरीण कबुलीजबाब देत होती. दुसरा अंक. पुढे पळवून पाहिलं, सगळा दुसरा अंकच. आणि तो पहिल्यापेक्षा दहा मिनिटं मोठा होता, त्यामुळे खालचा पहिला अंक पार पुसला गेला होता.

लेबलरावांनी खुर्ची, टाचण्या, घंटा असं काहीबाही सांगायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. "माझी चूक," एवढंच म्हणाले. "सगळी माझीच." आणि खरोखर वाईट वाटलं की ते करत तसं भिंतीवरच्या 'पंखा (मंद फिरतो)' कडे बघत राहिले.

बायको टीव्हीवरच्या थांबलेल्या आपल्याच चेहऱ्याकडे बघत होती. मग सासूबाईंनी मफलर नीट केली.

"दुसरा अंक मशीन दाखवील," त्या म्हणाल्या. "पहिला तू दाखव. तोंडपाठ आहे ना?"

"आई, त्यात सहा माणसं आहेत."

"वीस वर्षं सहाच्या सहा माणसांना तूच बोलायला लावत होतीस."

बायको उठली. टीव्हीपुढची मोकळी जागा तिनं एकदा नजरेनं मोजली, उशीची खोळ खुर्चीवर ठेवली आणि सुरू केलं. ती पोस्टमास्तरीण झाली, तारवाला झाली, तारवाल्याची खाष्ट आई झाली, बहिरा सावकार झाली. सासूबाई सावकाराला इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. लेबलराव कोपऱ्यात उभे होते, दाराला पाठ लावून. त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपण होऊन बसायची हिंमत नव्हती.

शेवटी ती पिशवीपुढे आली. रंगमंचावर दिव्यांमुळे समोर सगळा काळोख असतो, कोण बघतंय ते दिसत नाही. इथे चार हातांवर आई बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बारा," बायको म्हणाली, आणि थांबली.

तिनं पुन्हा तोंड उघडलं. शब्द आला नाही. वीस वर्षं जगाला शब्द पुरवणारी बाई भर बैठकीत अडली, आणि पुरवायला विंगेत कुणी नव्हतं.

"वर्षं," कोपऱ्यातून हळूच आवाज आला. "वर्षं मी तुमच्या दारापर्यंत."

ती चमकली. पण नट अडला आणि शब्द मिळाला की मागे बघायचं नसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक. "बारा वर्षं मी तुमच्या दारापर्यंत आले," ती म्हणाली, "आणि..."

"पिशवीतच," कोपरा म्हणाला.

अकरा तालमी, दर तालमीत वेगळी गळती. गळालेला एकेक शब्द लेबलरावांनी वहीत उतरवला होता, आणि ते सगळे जोडले की सात मिनिटांचं अख्खं भाषण होत होतं. यातला एकही शब्द ते आता जन्मात विसरणार नव्हते. तिसऱ्या वाक्यानंतर तिला गरज उरली नाही. तरी ते ओठांत म्हणत राहिले, तिच्या बरोबरीनं, शेवटपर्यंत.

भाषण संपल्यावर सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. लेकीला जवळ बोलावलं, तिच्या गालावरचा रंग मफलरीच्या टोकानं पुसला आणि म्हणाल्या, "आता मशीन लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेबलराव कचेरीला निघाले तेव्हा बायको दारापर्यंत आली. कधी येत नसे. "काल शब्द बरे दिलेत," म्हणाली, आणि तिनं त्यांच्या पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध हात ठेवून चांगली दाबून थोपटली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. लेबलराव जिना तरंगत उतरले.

कचेरीतही नाटकाची बातमी पोचली असावी. जो तो त्यांच्या मागून जाताना थांबत होता, हसत होता. टायपिस्ट तर पाठीवर हात ठेवून "वा" म्हणाला. जेवणाच्या सुट्टीनंतर हेडक्लार्क, ज्यांनी सव्वीस वर्षांत कुणाला बरं म्हटलं नव्हतं, ते स्वतः लेबलरावांच्या टेबलापाशी आले आणि त्यांच्या पाठीवर तळवा ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले. लेबलरावांना गहिवरून आलं. माणसं कळायला वेळ लागतो, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी शर्ट काढला. पाठीवर पाठकोऱ्या कागदाचं एक लेबल होतं. अक्षर बायकोचं, पद्धत त्यांची.

'विषय : नवरा, एक. संदर्भ : कालचा प्रयोग. काळजीपूर्वक हाताळावे. कॅसेट हाती देऊ नये.'

खाली टायपिस्टची सही, 'पाहिले'. त्याखाली हेडक्लार्कांचा लाल शेरा: 'सहमत. दुपारी कडा सुटत होत्या, कचेरीचा डिंक लावून पुन्हा पक्के केले आहे.'